टी-पेशी आत शिरते तेव्हा भिंत फुटलेली नसते

विचारलेले प्रश्न चार आहेत, पण एकाच दोऱ्यात ओवलेले. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर इतकं घट्ट की सोडियमचा आयनही सहजासहजी पलीकडे जात नाही. मग सात-आठ मायक्रॉनची टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकाराची एक पांढरी पेशी, जाते कुठून? मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या, आपल्याच रोगप्रतिकाराने मेंदूला इजा होणाऱ्या आजारात ही भिंत आधी फुटते आणि मग पेशी शिरतात का? एमएसवरचं औषध नताल्झुमॅब नेमकं कोणतं दार बंद करतं? आणि प्रयोगशाळेतली अडचण: ट्रान्सवेलमध्ये (गाळणीने वर-खाली दोन कप्पे केलेल्या भांड्यात) एचसीएमईसी/डी३ या माणसाच्या मेंदूतल्या अस्तर-पेशींचा थर वाढवला, वरून टी-पेशी सोडल्या, नताल्झुमॅब घातलं, तरी खाली उतरणाऱ्या पेशी जवळपास तेवढ्याच. चुकतंय काय?

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर आधी देतो. भिंत गळणं आणि भिंतीतून पेशी जाणं या दोन वेगळ्या घटना आहेत. आयन, रंग, प्रथिनं झिरपतात; त्यांना स्वतःचं असं काही करावं लागत नाही. पेशी झिरपत नाही. ती थांबते, चालते, जागा शोधते, आणि अस्तरातल्या पेशी तिला वाट करून देतात व ती गेली की मागे वाट मिटवून टाकतात. त्यामुळे भिंत शाबूत असतानाही पेशी जातात, आणि भिंत गळत असताना तिथून पेशी जातच असतील असं नाही.

या दोन्हींची गल्लत होण्याचं कारण इतिहासात आहे. ब्लड-ब्रेन बॅरिअर, म्हणजे रक्त आणि मेंदू यांच्यातली भिंत, ही कल्पनाच मुळी रंगांवरून आली. पॉल एर्लिख यांनी १८८५ मध्ये प्राण्यांच्या रक्तात रंग सोडले, सगळे अवयव रंगले, मेंदू तेवढा कोरा राहिला. त्यांचे सहकारी एडविन गोल्डमन यांनी १९१३ मध्ये तोच प्रयोग उलटा केला: रंग मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला, तर मेंदू रंगला आणि बाकीचं शरीर कोरं राहिलं. पुढे १९६७ मध्ये रीज आणि कार्नोव्स्की यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं की अडथळा रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात, म्हणजे एंडोथेलियममध्ये आहे; शेजारशेजारच्या पेशी टाइट जंक्शनने एकमेकींना शिवलेल्या आहेत. हे सगळं खरं आहे. पण रंग आणि प्रथिनं यांच्यापलीकडे या प्रयोगांनी काही तपासलेलं नव्हतं. पाठ्यपुस्तकातलं चित्र त्यामुळे रेणूंचं आहे, आणि आपण त्यात पेशी बसवायला जातो.

दुसरी गल्लत जागेची. माणसाच्या मेंदूत केशवाहिन्यांची एकूण लांबी सुमारे ६०० किलोमीटर भरते. ग्लुकोज, ऑक्सिजन, औषधं यांचा सगळा व्यवहार तिथे चालतो. पेशींचा मात्र तिथे चालत नाही. पेशी बाहेर पडतात त्या केशवाहिन्या संपून जिथे बारीक शिरा सुरू होतात त्या पोस्ट-कॅपिलरी व्हेन्यूलमध्ये. तिथे प्रवाह मंद असतो, अस्तरावर पेशीला धरून ठेवणारे रेणू दाट उगवतात, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भिंतीच्या पलीकडे उतरायला जागा असते. केशवाहिनीत एंडोथेलियमची आधारपट्टी (पेशींखालचा प्रथिनांचा पातळ पापुद्रा) आणि अ‍ॅस्ट्रोसाइटची (मेंदूतल्या आधार-पेशींची) आधारपट्टी एकमेकींना चिकटून एकच झालेली असते. व्हेन्यूलमध्ये त्या दोन वेगळ्या असतात आणि मधे पोकळी असते, तिला पेरिव्हॅस्क्युलर स्पेस म्हणतात. म्हणजे इथे भिंत एक नाही, दोन आहेत.

जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. दिंडी दरवाजातून आत आलेला माणूस ओसरीवर बसतो. माजघरात जायचं तर घरच्या कुणीतरी ये म्हणावं लागतं. टी-पेशीचं अगदी असंच आहे. पहिली भिंत ओलांडून ती ओसरीवर येते. तिथपर्यंत आलेली पेशी रोग घडवत नाही. रोग घडतो तो ती माजघरात शिरल्यावर. या विषयावर काम करणाऱ्यांचीही बरीच वर्षं पहिल्या दारावरच नजर खिळलेली होती, दुसरं दार उशिरा लक्षात आलं.

आता पहिलं दार, जरा जवळून.

एक अट प्रवाहात पाऊल टाकण्याआधीच पूर्ण व्हावी लागते: टी-पेशी शरीरात दुसरीकडे कुठेतरी, बहुधा लसिकाग्रंथीत, चेतवली गेलेली असली पाहिजे. कोऱ्या, न चेतलेल्या टी-पेशीला निरोगी मेंदूच्या दारात कुणी विचारत नाही. चेतलेली पेशी मात्र तिला मेंदूतलं काही ओळखता येवो न येवो, आत डोकावून जाते. हिकी आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये उंदरांच्या मोठ्या जातीवर, म्हणजे रॅटवर, दाखवलं की चेतवलेल्या टी-पेशी काही तासांत मेंदूत पोचतात, पण ज्यांना तिथे आपलं अँटिजन (ओळखीचा रेणू) सापडत नाही त्या एक-दोन दिवसांत निघून जातात. ओळखीचं काही सापडलेल्याच मागे राहतात. २०१२ मध्ये यात आणखी एक भर पडली: मेंदूवर जाणाऱ्या टी-पेशी आधी फुप्फुसात मुक्काम करतात, चेतलेल्या पेशीचा विभाजनाचा कार्यक्रम तिथे आवरता घेतला जातो आणि चालण्याचा सुरू होतो. 

रक्ताच्या धारेत वाहणारी पेशी आधी मंद व्हायला हवी. सुजलेल्या ऊतीत हे काम सिलेक्टिन नावाचे चिकट रेणू करतात: पेशी अस्तरावरून चेंडूसारखी गडगडत जाते, वेग कमी होतो. मेंदूतलं वेगळेपण असं की पी-सिलेक्टिनचा तयार साठा इथल्या आतल्या वाहिन्यांच्या पेशींत नसतो. मेंदूभोवतीच्या आवरणातल्या वाहिन्यांत तो असतो. म्हणून मेंदूच्या आवरणातून शिरणं सोपं आणि खुद्द मेंदूच्या आतल्या वाहिन्यांतून अवघड. पाठीच्या कण्यातल्या निरोगी वाहिन्यांत तर २००१ मध्ये एक चमत्कारिक गोष्ट दिसली होती: टी-पेशी न गडगडता थेट अडकत होत्या. त्या अडकवणाऱ्या आकड्याचं नाव अल्फा-४ बीटा-१ इंटेग्रिन, म्हणजे व्हीएलए-४. अस्तरावरचा त्याचा जोडीदार व्हीसीएएम-१. हे नाव लक्षात ठेवा, नताल्झुमॅबपाशी लागेल.

अडकलेली पेशी पक्की रोवली जाते ती केमोकाइन या पेशींना बोलावणाऱ्या प्रथिनांमुळे. अस्तरावर चिकटून बसलेल्या केमोकाइनचा निरोप टी-पेशीच्या आत जी-प्रोटीन या निरोप्यामार्फत जातो, आणि एका सेकंदाच्या आत इंटेग्रिनचा मिटलेला आकार उघडून ताठ होतो. पकड शेकडो पटींनी वाढते. डांग्या खोकल्याच्या जंतूचं विष, पेर्टसिस टॉक्सिन, हा निरोप तोडतं, म्हणून टी-पेशींना ते आधी लावलं तर त्या रोवल्या जात नाहीत. आणि गंमत बघा, प्राण्यांमध्ये एमएससारखा आजार, म्हणजे ईएई, घडवताना हेच पेर्टसिस टॉक्सिन आजार जोमाने यावा म्हणून टोचतात! दोन्ही खरं आहे. प्राण्यात ते अस्तरावर आणि एकूण रोगप्रतिकारावर जे करतं ते भारी पडतं. ईएईचे निकाल वाचताना ही गोष्ट मनात असू द्या: ज्या आजारात भिंतीशी खेळणारं रसायन आपणच टोचलंय, त्यात भिंत कशी वागली याचे निष्कर्ष जपून काढावेत.

यापुढचा भाग फ्लो चेंबरमध्ये (अस्तरावरून द्रव वाहता ठेवणाऱ्या बारीक कप्प्यात) कॅमेऱ्याखाली बघण्यासारखा असतो. प्रवाहातल्या बहुतेक टी-पेशी पांढऱ्या रेघांसारख्या सटकन निघून जातात. एखादी थबकते. गोल असते ती काही सेकंदांत लांबट होते, पुढे पसरट पाय, मागे आखूड शेपूट. मग चालू लागते, आणि बहुतेकदा प्रवाहाच्या उलट दिशेने. मिनिटाला काही मायक्रॉन, मधूनमधून पायाची बोटं अस्तरात खुपसून चाचपत, कधी दोन-तीन एंडोथेलियल पेशींची लांबी तुडवत. फेज कॉन्ट्रास्टमध्ये अस्तराच्या वर असलेली पेशी चकचकीत पांढऱ्या कडेची दिसते. जागा सापडली की पुढचा भाग काळसर आणि चपटा होतो, मागचा अजून चमकत असतो. काही मिनिटं ती अशी अर्धी काळी, अर्धी पांढरी राहते, मधोमध कमरेसारखी आवळलेली. तिथे केंद्रक अडकलेलं असतं. पेशीतला सगळ्यात ताठर ऐवज तोच. ते निसटलं की उरलेला भाग झपकन खाली जातो. २००९ मध्ये जिवंत रॅटच्या पाठीच्या कण्याच्या आवरणात टू-फोटॉन सूक्ष्मदर्शकाने हेच उलट्या दिशेचं चालणं दिसलं, म्हणजे ते काचेवरचं नाटक नव्हे.

रोवणं आणि चालणं यांना लागणारे रेणू वेगळे आहेत, हे नीट लक्षात घ्या. रोवायला व्हीसीएएम-१ पुरतं. चालायला अस्तरावरचे आयसीएएम-१ आणि आयसीएएम-२ लागतात, टी-पेशीच्या बाजूने त्यांचा जोडीदार एलएफए-१. अस्तरावरचे दोन्ही आयसीएएम काढून टाकले तर पेशी रोवल्या जातात पण हलत नाहीत, आणि शेवटी प्रवाह त्यांना खेचून नेतो.

मग पेशी जाते कुठून: दोन पेशींच्या सांध्यातून की एका पेशीच्या अंगातून आरपार? दोन्हीकडून. कुठली वाट घेते ते मुख्यतः अस्तरावर आयसीएएम-१ किती आहे यावर ठरतं. थोडं असेल तर टी-पेशी लांब चालत सांध्यापर्यंत जाते, विशेषतः तीन पेशी जिथे मिळतात त्या कोपऱ्याकडे. सूज तीव्र असेल, आयसीएएम-१ भरपूर असेल, तर ती फार चालत नाही. थांबली तिथेच एंडोथेलियल पेशीच्या अंगातून भोक पाडून जाते. अस्तर तिथे अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ असतं, त्यामुळे हे वाटतं तितकं अचाट नाही. ईएईतल्या वाहिन्यांचे पातळ काप ओळीने बघितले तेव्हा टी-पेशी अंगातून आरपार जाताना दिसल्या आणि शेजारचं टाइट जंक्शन शाबूत होतं. म्हणजे तीव्र सूज असतानाच, जेव्हा आपण म्हणतो भिंत फुटली, तेव्हा टी-पेशी सांधा टाळूनही जातात. क्लॉडिन-५ (टाइट जंक्शनमधलं प्रथिन) कमी झालं म्हणून पेशी वाढल्या, असा सरळ धागा जोडणारे लेख वाचताना हे आठवावं. पेशी जात असताना रक्तद्रव का सांडत नाही, याचं उत्तर अस्तराच्या सांगाड्यात आहे: शिरणाऱ्या पेशीभोवती अ‍ॅक्टिनचं कडं आवळलेलं राहतं, पिशवीच्या नाडीसारखं.

अस्तराखाली आधारपट्टी. तिच्यात लॅमिनिन या प्रथिनाचे दोन प्रकार आहेत: अल्फा-४ असलेला सगळीकडे पसरलेला, अल्फा-५ असलेला ठिगळाठिगळांनी. टी-पेशी जिथे अल्फा-५ नाही तिथूनच जाते. अल्फा-५ ची अडचण तिला दारात पाय टाकतानाच कळत असावी, कारण वरून जागा निवडते तीही बऱ्याचदा नेमकी अशा ठिगळांच्या मधली.

आता आपण ओसरीवर आलो. इथे मॅक्रोफेज आणि डेंड्रिटिक पेशी, म्हणजे रोगप्रतिकाराच्या पहारेकरी पेशी, अँटिजनचे तुकडे दाखवत बसलेल्या असतात. टी-पेशी त्यांना एकेक करून चाचपते. ओळख पटली नाही तर ती मरते किंवा निघून जाते. पटली तर दुसऱ्यांदा चेतते, सायटोकाइन (सुजेचे निरोप देणारी प्रथिनं) सोडते, अस्तराला खालून इशारा जातो आणि मागून आणखी पेशी येऊ लागतात. ओसरीवर पेशी धरून ठेवायला एक केमोकाइनही राबतं, सीएक्ससीएल-१२. निरोगी स्थितीत ते अस्तराच्या पलीकडच्या, मेंदूकडच्या अंगाला असतं आणि आलेल्या पेशीला तिथेच रमवतं. एमएसच्या जखमांत त्याची जागा बदललेली दिसते. दार उघडं पडण्याइतकंच हे घातक: पाहुण्याला ओसरीवर थोपवणारं कुणी उरत नाही.

दुसरी भिंत म्हणजे अ‍ॅस्ट्रोसाइटच्या पायांची सलग रांग आणि तिची स्वतःची आधारपट्टी, ग्लिया लिमिटान्स. इथलं लॅमिनिन वेगळं, अल्फा-१ आणि अल्फा-२. टी-पेशी त्यावर नीट चिकटत नाहीत. ते ओलांडायला कात्री लागते: एमएमपी-२ आणि एमएमपी-९ ही एन्झाइमं, बहुतांशी मॅक्रोफेजांनी आणलेली, अ‍ॅस्ट्रोसाइटच्या पायाला आधारपट्टीशी बांधणारं बीटा-डिस्ट्रोग्लायकन कापतात. २००६ मध्ये दाखवलं गेलं की ही दोन्ही एन्झाइमं नसलेल्या उंदरांत पेशी ओसरीवर खच्चून जमतात, पण मेंदूच्या ऊतीत उतरत नाहीत आणि ईएईची लक्षणं येत नाहीत. आजाराची वेळ पहिल्या दाराशी नव्हे, दुसऱ्या दाराशी जुळते, हे याहून स्पष्ट कुठे दिसत नाही.

बाकीच्या वाटा थोडक्यात. मेंदूतलं पाणी, सीएसएफ, जिथे तयार होतं त्या कोरॉइड प्लेक्ससमध्ये वाहिन्या सच्छिद्र असतात आणि घट्टपणा वरच्या उपकला-थरात असतो. तिथून सीसीआर-६ असलेल्या टीएच-१७ पेशी (टी-पेशींचा एक प्रकार) सीसीएल-२० या केमोकाइनच्या मागावर येतात असं २००९ मध्ये दिसलं. मोठ्या माणसात सीएसएफ सुमारे १५० मिली असतं, दिवसाला ५०० मिलीच्या आसपास नवं तयार होतं, आणि पाठीतलं पाणी काढलं तर मायक्रोलिटरला ५ पर्यंत पांढऱ्या पेशी सामान्य मानतात. त्या बहुतेक स्मृती असलेल्या सीडी-४ टी-पेशी असतात. मेंदूला रोगप्रतिकार वर्ज्य नाही, गस्त रोजची आहे. २०१८ नंतर कवटीच्या हाडातल्या मज्जेतून थेट आवरणात उतरणाऱ्या बारीक वाटाही माहीत झाल्या, पण टी-पेशींपेक्षा मायलॉइड (मॅक्रोफेजसारख्या) पेशींसाठी त्या अधिक कामाच्या दिसतात. आपल्याकडच्या वॉर्डात रोज दिसणारा टीबीचा मेंदूज्वर हा आवरणाच्या वाटेचा नमुना: पाण्यात शेकड्याने लिम्फोसाइट (टी-पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशी), प्रथिनं चढलेली, ग्लुकोज उतरलेलं. त्यात औषधांबरोबर डेक्सामेथासोन देतात ते पेशी थांबवायला नाही तर पेशींनी चालवलेली सूज आवरायला.

नताल्झुमॅब. १९९२ मध्ये येडनॉक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अल्फा-४ इंटेग्रिन अडवणारी अँटिबॉडी दिली तर रॅटना ईएई होत नाही. बारा वर्षांनी, नोव्हेंबर २००४ मध्ये, अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. मात्रा ३०० मिलिग्रॅम, चार आठवड्यांतून एकदा शिरेतून, तासाभराच्या सलाइनमधून. हे औषध कुठलंही भोक बुजवत नाही. ते टी-पेशीच्या हातातला आकडा झाकतं. पेशी रोवली जात नाही, म्हणून पुढच्या चालणं, शोधणं, शिरणं यांचा प्रश्नच येत नाही. रक्तात लिम्फोसाइट वाढलेल्या दिसतात ते त्यामुळेच, बाहेर पडता न आल्याने त्या धारेत फिरत राहतात. मोठ्या चाचणीत वर्षाला येणारे झटके प्लासिबोच्या तुलनेत ६८ टक्क्यांनी घटले.

आणि दार बंद केल्याची किंमत लगेच दिसली. फेब्रुवारी २००५ मध्ये औषध बाजारातून मागे घ्यावं लागलं, कारण पीएमएल या जेसी विषाणूमुळे होणाऱ्या मेंदूच्या आजाराचे रुग्ण निघाले. जेसी विषाणू आपल्यापैकी अनेकांच्या अंगात मुकाट्याने पडून असतो. मेंदूत त्याला आवर घालणारी गस्तच थांबवली तर तो ऑलिगोडेन्ड्रोसाइट (मज्जातंतूंचं वेष्टन बनवणाऱ्या पेशी) खाऊ लागतो. जून २००६ मध्ये कडक देखरेखीच्या अटींवर औषध परत आलं. आज धोका तीन गोष्टींवरून मोजतात: जेसी विषाणूची अँटिबॉडी आहे का आणि तिचा इंडेक्स किती (१.५ च्या वर म्हणजे सावध), औषध दोन वर्षांहून जास्त चाललंय का, आणि आधी रोगप्रतिकार दाबणारी औषधं घेतली होती का. अँटिबॉडी निगेटिव्ह असली तरी दर सहा महिन्यांनी पुन्हा तपासतात, कारण निगेटिव्हचा पॉझिटिव्ह होतो. डोस चारऐवजी सहा आठवड्यांनी देऊन धोका कमी करायचा प्रघात त्यातूनच आला: आकडे थोडे मोकळे राहिले की थोडी गस्त चालू राहते आणि एमएसही बहुतेकांत आवाक्यात राहतो. दोन चुका इथे नेहमी होतात. औषध अचानक थांबवून पुढची सोय न करणं ही पहिली. तीन ते सहा महिन्यांत आजार उसळून येतो. दुसरी, पीएमएलमध्ये प्लाझ्मा बदलून औषध झटपट काढून टाकलं की अडलेल्या पेशी एकदम आत घुसतात आणि रुग्ण आधी आणखी बिघडतो. त्याची तयारी ठेवावी लागते.

सोरायसिससाठी आलेलं इफालिझुमॅब एलएफए-१ अडवायचं, म्हणजे चालणारा पाय. तेही पीएमएलमुळेच २००९ मध्ये बंद झालं. फिंगोलिमोड हे एमएसवरचं दुसरं औषध दारापर्यंत येतच नाही. ते टी-पेशींना लसिकाग्रंथीतच कोंडतं, म्हणून रक्तात लिम्फोसाइट घटतात, नताल्झुमॅबच्या बरोब्बर उलट. रिपोर्ट वाचताना हा फरक उपयोगी पडतो.

एमआरआयच्या वेळी शिरेतून देतात त्या गॅडोलिनियमच्या द्रव्याबद्दल एवढंच: तो रेणू हजार डाल्टनपेक्षा लहान आहे. तो चमकला म्हणजे तिथे अस्तर रेणूंसाठी गळतंय, एवढंच कळतं. एमएसची नवी जखम साधारण दोन-तीन आठवडे चमकते, मग थांबते. पेशी तेव्हा निघून गेलेल्या असतात असं नाही. मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचे तीन ते पाच दिवस झाले की चमक झपाट्याने मावळते, म्हणजे गळती थांबली. आतली सूज आवरली की नाही हे वेगळं. उलट, आजार जुना होऊन हळूहळू वाढत जाणारा झाला की मेंदूच्या आवरणात बी-पेशींचे पुंजके बंद भिंतीआड ठाण मांडून बसतात आणि गॅडोलिनियमला काहीच दिसत नाही. तिथे दार अडवणाऱ्या औषधाचा फारसा उपयोग होत नाही, याचं कारणही हेच.

आता ट्रान्सवेल. तुमचं औषध काम करत नाही असं नाही. जिथे ते काम करतं ती पायरीच तुमच्या प्रयोगात नाही. ट्रान्सवेलमध्ये प्रवाह नसतो. टी-पेशी गुरुत्वाकर्षणाने अस्तरावर जाऊन बसतात, त्यांना आकड्याची गरज पडत नाही. तासन्‌तास बसून राहिलेली पेशी एलएफए-१ च्या जोरावर चालते आणि उतरते. अशा रचनेत व्हीएलए-४ अडवून फरक कमीच दिसणार. प्रवाह लावा.

चॅनेल ५ मिलिमीटर रुंद आणि ०.४ मिलिमीटर उंच धरला, ३७ अंशांना माध्यमाची चिकटाई ०.००७ पॉइज धरली, तर १.५ डाइन प्रति चौरस सेंटिमीटर ताणासाठी मिनिटाला सुमारे १.७ मिली प्रवाह लागतो. सूत्र साधं आहे: ताण म्हणजे सहा गुणिले चिकटाई गुणिले प्रवाह, भागिले रुंदी आणि उंचीचा वर्ग यांचा गुणाकार. उंचीचा वर्ग येतो म्हणून चॅनेलची उंची चुकीची धरली तर सगळं गणित कोसळतं, ०.४ च्या जागी ०.२ चा चॅनेल वापरलात आणि पंप तसाच ठेवलात तर ताण चौपट होईल. माध्यम थंड असेल तर चिकटाई वाढते, ताणही वाढतो. मिलीला दहा लाख टी-पेशी घ्या, आधी ०.१ डाइनवर चार-पाच मिनिटं जमू द्या, मग १.५ डाइन लावून २० ते ३० मिनिटं दर १० सेकंदाला एक फोटो. हवेचा बुडबुडा हा सगळ्यात मोठा शत्रू: एक बुडबुडा गेला की अस्तराचा पट्टा सोलून निघतो. माध्यम आधी ३७ अंशांना आणून हवा काढून घ्या, नळ्या पूर्ण भरून मगच जोडा.

गणना करताना किती पेशी उतरल्या एवढंच मोजू नका. ताण वाढवल्यावर किती टिकल्या, त्यातल्या किती चालल्या, किती उतरल्या, असं पायरीपायरीने मोजा. नताल्झुमॅबचा फरक पहिल्या मोजणीत, म्हणजे किती टिकल्या त्यात, दिसेल. टिकलेल्यांपैकी उतरणाऱ्यांचं प्रमाण जवळपास तेवढंच राहील, आणि ट्रान्सवेलमध्ये तुम्ही मोजत होतात ते हेच.

एचसीएमईसी/डी३ बद्दल: ही पेशीरेषा सोयीची आहे, पण तिचा विद्युत-रोध (जितका जास्त तितका थर घट्ट) साधारणपणे ३०-४० ओहम-चौरस सेंटिमीटरच्या घरात राहतो, जिवंत मेंदूत तो हजाराच्या पुढे असतो. गळतीचे प्रयोग तिच्यावर करू नका. चिकटण्याचे करायला हरकत नाही, कारण सूज आणणारं टीएनएफ हे प्रथिन १० नॅनोग्रॅम प्रति मिली, १६ ते २० तास, दिलं की आयसीएएम-१ आणि व्हीसीएएम-१ वर येतात. येतात असं गृहीत धरू नका, प्रत्येक खेपेला फ्लो सायटोमेट्रीवर बघा. पुनःपुन्हा नव्या भांड्यात वाढवून जुन्या झालेल्या पेशींत व्हीसीएएम-१ मंदावतं, आणि ते नसेल तर नताल्झुमॅबला अडवायलाच काही उरत नाही. स्टेम सेलपासून बनवलेल्या मेंदूच्या एंडोथेलियमचा रोध हजारांत जातो म्हणून मोह होतो, पण जुन्या पद्धतींनी बनवलेल्या त्या पेशींवर व्हीसीएएम-१ धड उगवत नाही आणि त्यांची जनुकं उपकला-पेशींसारखी दिसतात, असा आक्षेप २०२१ मध्ये आला आहे. उंदराच्या मेंदूतून थेट काढलेल्या पेशी वापरणार असाल तर सुरुवातीचे दोन दिवस प्युरोमायसिन घाला. एंडोथेलियम ते बाहेर फेकतं, वाहिनीला बाहेरून चिकटलेल्या पेरिसाइट पेशी मरतात.

ट्रान्सवेल सोडायचाच नसेल तर निदान एवढं करा. गाळणीची छिद्रं ३ मायक्रॉनची घ्या; ५ च्या छिद्रांतून पेशी नुसत्या पडतात, ०.४ मधून जातच नाहीत. अस्तर नसलेली, फक्त लेप दिलेली एक गाळणी प्रत्येक वेळी सोबत ठेवा आणि तिच्यातून किती जातात ते आधी बघा. थर सलग आहे का ते प्रयोगाच्या शेवटी, त्याच गाळणीवर, फ्लुओरेसिन किंवा ल्युसिफर यलो घालून तपासा. शेजारच्या वेगळ्या गाळणीवर तपासून चालत नाही. टी-पेशी सीडी-३/सीडी-२८ मण्यांनी चेतवल्या असतील तर मणी चुंबकाने दोनदा काढा. राहिलेले मणी खाली पडतात आणि काउंटर त्यांना पेशी समजतो. मेलेल्या पेशीही तशाच पडतात, म्हणून खालच्या कप्प्यातलं सगळं जिवंत-मृत रंग लावून, मोजणीच्या ठरावीक मण्यांसह सायटोमीटरवर घाला. नताल्झुमॅब टी-पेशींना २० ते ३० मिनिटं आधी लावा, १० मायक्रोग्रॅम प्रति मिली पुरेसं होतं, आणि नियंत्रणाला आयजीजी-४ घ्या, आयजीजी-१ नको. टी-पेशी उंदराच्या असतील तर मात्र नताल्झुमॅब बसणारच नाही. त्यासाठी पीएस/२ ही उंदराच्या अल्फा-४ ची अँटिबॉडी लागते.